वेशीबाहेर तेरा टक्के

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, हा प्रश्न मला दिवसातून दोनदा तरी ऐकावा लागतो. कोल्हापुरात सव्वीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळे गाडीबद्दल मला सगळं ठाऊक असणार असं लोकांना वाटतं. आजवर मी तोंडाला येईल ते सांगून वेळ मारून नेत होते. पण या हिवाळ्यात प्रश्न माझ्याच दारात येऊन उभा राहिला. वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मुलीकडे बेंगळुरूला कायमच्या राहायला निघाल्या आणि त्यांनी आपली दोन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी मलाच घ्यायला लावायचा चंग बांधला. "घरातली वस्तू घरात राहील," हे त्यांचं पालुपद. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, अशी धमकीही सोबत होतीच.

मी म्हटलं, आबांना दाखवते आणि मग सांगते.

आबा म्हणजे माझे गुरू. एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर आगारात होते तेव्हा आमच्या शेजारी राहायचे. बाईमाणसानं स्टिअरिंग धरलेलं लोकांना खपत नव्हतं त्या काळात त्यांनी मला गाडी शिकवली. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची आणि चाकामागं ठेवलेली काड्यापेटी चिरडू द्यायची नाही, ही त्यांची परीक्षा. निवृत्तीनंतर ते मालवण तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. आता फुप्फुसं थकलीत. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं विजेवरचं मशीन दिवसरात्र लागतं. त्यांचा मुलगा बाळा फोनवर म्हणाला होता, "येवा, कधीय येवा. आबांका बरां वाटात. आणि गाडयेची काळजी नको, पंधरा अँपियरचो सॉकेट पडवेत लावलंय." आबांची भेट आता फार पुढं ढकलून चालणार नाही, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. तेव्हा गाडीचा निकाल हे निमित्तच होतं. वन्संना मात्र तो निकालच हवा होता, म्हणून त्या बरोबर आल्या.

फोंडाघाट

कोल्हापुरातून शंभर टक्के भरून निघालो. राधानगरी ओलांडेपर्यंत मला गाडी आवडायला लागली होती, आणि ते वन्संना कळू नये म्हणून मी तोंड वाकडं करून चालवत होते. आवाज नाही, गिअर नाही, पाय ठेवला की पळते. दाजीपूरच्या जंगलात रस्त्याकडेला गवा उभा होता. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ताच लागला नाही, आणि मग तो आमच्यापेक्षा जास्त दचकला.

घाटाच्या तोंडाशी बॅटरी बासष्टवर आली. माझा डावा पाय सारखा क्लच शोधत होता. घाट उतरताना इंजिनाचा आधार घे, ब्रेकचा घेऊ नकोस, हे आबांनी माझ्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं आहे. इथं इंजिनच नाही म्हटल्यावर मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. पण पाय उचलला की गाडी आपोआप मागं खेचल्यासारखी हळू होत होती, आणि खाली फोंड्यात पोचलो तेव्हा बॅटरी चौसष्ट दाखवत होती.

"बघितलंस?" वन्सं म्हणाल्या. "पेट्रोलची टाकी कधी उतारावर भरली होती का?"

सोनं विकतानासुद्धा सोनार इतका बोलत नाही.

देवगड

आंब्याला मोहोर आला होता, वाटेवरच्या बागा नुसत्या घमघमत होत्या. जेवणात तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी मिळाली. आमच्या तांबड्या रश्श्याचा मला कितीही अभिमान असला तरी तिरफळाची ती जिभेवरची झिणझिण दोन वेळा भात घ्यायला लावते. इथवर सगळं झकास.

मुक्कामाच्या लॉजवर चार्जिंगचं यंत्र नव्हतं. खोलीतल्या एसीच्या सॉकेटला वायर लावून खिडकीतून खाली सोडली. पण कुठल्याही खोलीत गिझर लागला की मजल्याचं बटण धाडकन पडायचं. मग मी जिन्यानं खाली, मालकीणबाई स्टूलावर वर, आणि वायर सांभाळत वन्सं खिडकीत. तिसऱ्या खेपेला मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, ही गाडी गिझरापरास जास्त खाता. हिका जेवण घालीत बसलंय तर माझी गिऱ्हायकां थंड पाण्यान न्हातली."

सकाळी शंभरच्या जागी साठ टक्के. वन्सं म्हणाल्या, मालवणात मोठं चार्जिंग आहे, तासाभरात भरेल.

मालवण

मालवणच्या त्या चार्जिंगच्या जागी काळी काच आणि तिच्यावर दोन शब्द होते: देखभाल सुरू. बाजूच्या टपरीवाल्यानं सांगितलं की चार दिवस असंच आहे. कुणकेश्वरला वाट वाकडी केलेली, दुपारच्या उन्हात एसी लावलेला, त्यामुळे बॅटरी सव्वीसवर आली होती. दुसरं चार्जिंग कुडाळच्या बाजूला, म्हणजे आबांच्या गावाच्या बरोबर उलट दिशेला.

"आधी कुडाळला जाऊ," मी म्हटलं.

"उगीच तीन तास मोडतील. बाळाकडं सॉकेट आहे ना? रात्रभर लावू, सकाळी शंभर."

माझ्या अंगात फार राग असतो, पण अक्कल ऐनवेळी कमी पडते. मी गाडी बाळाच्या गावाकडे वळवली. एसी बंद, काचा खाली, घामाच्या धारा. चढ आला की टक्का उतरायचा आणि वन्सं देवाचं नाव घ्यायच्या. पेट्रोलच्या गाडीत काटा खाली गेला तर माणूस बाटली घेऊन कुठंतरी जाऊ शकतो. वीज बाटलीत आणता येत नाही, हे त्या बावीस किलोमीटरमध्ये मला पुरतं कळलं. फोनला रेंज येत नव्हती. आणि खरं सांगायचं तर फोन करावा असं डोक्यातही आलं नाही. घर म्हटलं की ते असणारच, त्याला काय विचारायचं?

गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही. कारण पुढं कळेल.

चार वाजून गेले होते. पहिली दोन घरं बंद दिसली तेव्हा वाटलं लोक बागेत गेले असतील. मग तिसरं, चौथं, दहावं. अंगणात वाळत घातलेलं काही नाही. कुत्रं भुंकलं नाही. गोठे रिकामे. कोंबड्यांचे खुराडे उघडे आणि आत पीसही हलत नव्हतं. भर दिवसा वस्तीत असा शुकशुकाट मी कधी पाहिला नव्हता. वन्संनी काच वर केली. माझ्या मनात पहिला विचार आबांचाच आला. सगळं गाव कुठं गेलं असेल तर ते एकाच ठिकाणी, स्मशानात गेलं असेल, असं वाटून मी गाडी थेट बाळाच्या घराकडे दामटली.

बाळाचं घरही बंद. पडवीत मात्र नवा कोरा सॉकेट होता. बॅटरी चौदावर होती. मी वायर काढली, खोचली. दिवा लागला नाही. मेन स्विचच बंद होता. मी खिडकीची फळी सरकवून आतल्या स्विचकडे हात घालणार, तेवढ्यात माझ्या फोनला एक काडी रेंज आली आणि तो वाजला.

"खंय आसात तुमी?" बाळा.

"तुझ्या पडवीत. आबा कुठं आहेत?"

त्यानं उलट मलाच विचारलं, "गावात? घरात?"

"अरे, आबा कसे आहेत?"

"आबा बरे आसत. शैलाताई, काय्येक हात लावू नकात. आदी भायर येवा. पुलाच्या पलीकडं माळार येवा."

वेशीबाहेर

त्या भागातल्या काही गावांत गावपळण होते, हे मी कधीतरी ऐकलं होतं. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि सगळं गाव माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर माळावर राहायला जातं. तीन दिवस, तीन रात्री. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, पाऊल ठेवायचं नाही. आमच्या कोल्हापुरात लोक घर सोडतात ते पंचगंगेचं पाणी उंबऱ्याला लागल्यावर, तेही कुणी हाताला धरून होडीत बसवल्यावर. इथं कोरड्या जमिनीवर, हसतखेळत निघतात. माळावर माडाच्या झावळ्यांच्या शंभरएक राहुट्या होत्या. कुठं भाकऱ्या, कुठं घावणे, कुठं काळ्या वाटाण्याची आमटी रटरटत होती. पोरं चेंडू खेळत होती. जत्राच म्हणायची. आमची गाडी गावाच्या बाजूनं येताना दिसली आणि ती जत्रा थांबली.

बाळा पुढं आला. मी त्याला दरडावलंच, "अरे, सांगायचं नाहीस?"

"पावण्यांका येव नको कसा म्हणतलंय? हयसर पावणे येतत, जेवतत, ऱ्हवतत. तुमच्या जेवणाचो, झोपण्याचो इचार केलंय. सॉकेट गावात ऱ्हवलो, ह्यां माका सुचूकच नाय."

त्याच्यावर रागावणार कशी? मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

राहुटीत आबा खाटेवर बसले होते. नाकाला नळी होती, पण तिचं मशीन थांबलेलं. ओठांना निळसर छटा. "इलंस गो, शैला?" एवढ्या तीन शब्दांत दोनदा थांबले. मग बाळानं सगळं सांगितलं. मशीनसाठी इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या आणल्या होत्या. एक सकाळी गेली, दुसरी नुकतीच. टेम्पोची बॅटरी जोडून पाहिली, ती अर्ध्या तासात बसली. मशीनशिवाय गप्प पडून तासभर निभेल, त्याहून जास्त नाही, असं डॉक्टरांचं सांगणं. बाळा कणकवलीहून भरलेल्या बॅटऱ्या आणायला निघालाच होता. जाऊन येऊन अडीच तास.

"दवाखान्यात नेऊ या," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. बाळा चिडून म्हणाला, "सकाळपासून सांगतंय. ऐकणत नाय. आणि आता तर मुळीच ऐकूचे नाय."

आता म्हणजे काय, ते एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं समजावलं. तो रागावला नव्हता, त्यामुळे मला जास्त लाज वाटली, आणि म्हणूनच मी गावाचं नाव लिहीत नाही. "नेणतेपणी झाला, देव काय खाणा नाय तुमका. पण वेस मोडली. दिवेलागणीक गाऱ्हाणां घालूक व्हयां. आणि गाऱ्हाण्याचो मान आबांचो."

म्हणजे आमच्या चुकीची माफी देवाकडे आबांनी मागायची होती. मोठ्यानं, उभं राहून, साऱ्या गावासमोर. ज्या माणसाला तीन शब्द एका दमात जात नव्हते, त्यानं.

"दुसरं कुणी नाही चालणार?" मी मानकऱ्याला विचारलं.

"मान तेंचो," तो पुन्हा म्हणाला.

बाळा हळूच माझ्या कानाशी आला. "घर थयच आसा. मेन स्विच टाकतंय, मशीन पडवेत चालू करूया. कोणाक कळाचा नाय."

आबांना ऐकू आलं. ड्रायव्हरचे कान. "गाव भायर आसा," ते म्हणाले, आणि थांबले. "तर माझो दम पण भायरच ऱ्हवतलो."

तेव्हा वन्सं बोलल्या. दोन दिवस मी त्यांच्या गाडीवर जेवढी नाकं मुरडली होती, ती सगळी मला आठवली. डिकीत एका नारिंगी पिशवीत एक वायर होती. गाडीतून उलटी वीज बाहेर काढायची. पन्हाळ्याला सहलीला जाऊन त्यांनी तिच्यावर किटलीत कॉफी केली होती, आणि मी त्याला चोचले म्हटलं होतं.

"कॉफी होते तर मशीन चालेलच की," त्या म्हणाल्या आणि पळत सुटल्या. पासष्ट वर्षांच्या बाईला साडीत तसं पळताना मी पाहिलं नव्हतं.

गाडी राहुटीला टेकवली. वायर लावली. मशीन गुरगुरलं आणि नळीतून वारा सुटला. बाळानं एकदा बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पोरांनी ढकलून सुरू करून दिलेला टेम्पो घेऊन कणकवलीला गेला. बॅटरी तेरा.

पुढचे दोन तास मी कसे काढले ते मलाच माहीत. चाळीस मिनिटांत तेराचे बारा झाले. कुणी घावणे आणून दिले, खाल्ले की नाही आठवत नाही. एकजण फोन चार्ज करायला आला, त्याच्यावर मी अशी खेकसले की पोरांचा चेंडूसुद्धा थांबला. वन्सं गाडीचं पुस्तक चष्म्याशी धरून वाचत होत्या आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"शैला, दहा टक्क्यांवर ही बाहेरची वीज आपोआप बंद करते."

"मग ते बदला."

"बदलता येत नाही. तसं लिहिलंय."

दोन वर्षं गाडी वापरून या बाईला हे आज कळलं! त्यांनी तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

दिवेलागणीला आबांना धरून उभं केलं. ओठांचा निळेपणा उतरला होता. नळी नाकाला, मशीन शेजारी, वायर माझ्या गाडीत. पुढ्यात पानावर नारळ. मी आणि वन्सं हात जोडून समोर. बॅटरी अकरा होती आणि ती अकरा बराच वेळ होती. कणकवलीच्या रस्त्यावर एकही उजेड दिसत नव्हता.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली. तो आवाज! आगारात अख्ख्या फलाटाला ऐकू जायचा तोच. "आज ही तुझी लेकरां... वेशीभायर... तुझ्या हुकुमान जमली आसत..."

"व्हय म्हाराजा," सगळा माळ म्हणाला.

"ही दोन बायलमाणसां... वाट चुकान... तुझ्या मोकळ्या गावात शिरली..."

"व्हय म्हाराजा."

आणि मशीन थांबलं. इतका वेळ त्या गुरगुरीची सवय झाली होती, ती गेली तशी सगळ्यांनाच कळली. मी गाडीकडे धावले. पडद्यावर दहा. मी नुसतीच बटणं दाबत राहिले. मागून आबांचा आवाज येईना. आपण या माणसाला मारलं, असं माझ्या मनात स्वच्छ आलं, आणि मी वळले.

आबा उभे होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तो म्हातारा मानकरी त्यांच्या तोंडाकडं पाहत होता. आबांचं वाक्य अर्धंच होतं, तरी त्यानं "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण मघासारखं नाही. लांब. सावकाश. मागच्या बायकांनी ते उचललं, मग पलीकडच्या राहुट्यांनी, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. आबा श्वास घेईपर्यंत ते संपलंच नाही. मग दोन शब्द. मग पुन्हा तेवढंच लांब "व्हय म्हाराजा". कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अख्खं गाव त्यांना दम काढून देत होतं.

"नेणतेपणाची चूक..."

"व्हय म्हाराजाऽऽऽ."

"पदरात घे..."

"व्हय म्हाराजाऽऽऽ."

"आणि तेंका... तेंच्या गाडयेसकट... सुखरूप घराक पोचय."

शेवटच्या होकारात बाळाच्या टेम्पोचा उजेड पुलावर दिसला. मी मटकन खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

परतीच्या दिवशी

दहा टक्क्यांत आम्ही शेजारच्या गावातल्या भातगिरणीपर्यंत पोचलो. गिरणवाल्यानं दिवसभर वायर लावू दिली, वर जेवायला घातलं. संध्याकाळी गाडी पुन्हा माळावर नेली, कारण आबांना तिच्यात बसायचं होतं. वन्सं मागं, मशीनचा इन्व्हर्टर बाळाच्या मांडीवर, आबा स्टिअरिंगवर. गाडी जागच्या जागीच उभी होती. त्यांनी आरसा नीट केला. डावा पाय खाली काहीतरी चाचपत राहिला.

"घेऊ का, आबा?"

आता माझं उत्तर माझ्याजवळ होतंच. ज्याच्या दाराशी स्वतःचा सॉकेट आहे आणि ज्याची रोजची धाव गावातल्या गावात आहे, त्यानं खुशाल घ्यावी. लांब जाणाऱ्यानं आधी चार फोन करावेत आणि मान खाली घालून वायर पुढं करायची तयारी ठेवावी. आमच्या स्कूलसमोर सॉकेट आहे, म्हणून मी घेतेय. पण आबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"घे," ते म्हणाले. मग खाली पाहत, "पण हिका क्लच नाय. हाफ क्लच नाय." थांबले. "मगे तू लोकांका... शिकवतलंस काय गो?"

"वेशीवर गाडी थांबवून विचारायला," मी म्हटलं.

आबा हसले. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचा दम संपला. मी घाबरून मशीनकडं हात नेला. तेवढ्यात मागच्या सीटवरून वन्सं, अस्सल कोल्हापुरी तोंडानं, त्यांना श्वास मिळेपर्यंत पुरेल इतकं लांब म्हणाल्या, "व्हय म्हाराजाऽऽऽ."